ऑटिझम : उपचार निवडताना पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. निदान झालं तेव्हा अडीच वर्षांचा होता. मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. सहकारी बँकेत नोकरी करतो. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, तेव्हा साताऱ्यात आम्ही काही पालक एकत्र बसतो. नवीन आलेले आईवडील जे विचारतात, तेच इथे उतरवलंय. तुमच्या मुलाला तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द यापेक्षा मोठा. त्यांना काय विचारायचं एवढं यातून सुचलं तरी पुष्कळ.

निदान परवाच झालं. सगळे म्हणतात, वेळ घालवू नका. आधी काय करू?

वेळ घालवू नका हे खरं. पण म्हणून येत्या सोमवारी पाच थेरप्यांचे पैसे भरून मोकळं व्हायचं नसतं. आम्ही तसंच केलं होतं. आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी धरून पुणे. पोरगं गाडीत झोपायचं आणि सेंटरच्या पायरीवर जागं होऊन रडायचं. पंचेचाळीस मिनिटांच्या सेशनमधली तीस रडण्यात. दोन महिने हे चाललं, मग बायकोनं विचारलं, "आपण नक्की कशासाठी जातोय?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तेव्हा आधी एक कागद घ्या. मूल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कुठे कुठे अडतं ते लिहा. आमच्या कागदावर होतं : ब्रश तोंडात घातला की किंचाळतो. पाणी हवं असलं की माझा हात धरून माठाकडे ओढतो. रस्त्यात हात सोडून पळतो. रात्री दोनला उठतो आणि चारपर्यंत जागा. चारच ओळी. पुढे कुणीही कुठलाही उपचार सांगितला की विचारायचं : यातली कुठली ओळ यानं सोपी होणार, आणि साधारण किती दिवसांत? धड उत्तर आलं नाही तर पैसे खिशात ठेवायचे.

निदान बरोबर आहे हे कशावरून? एमआरआय करावा लागतो का?

ऑटिझम रक्तात किंवा फोटोत दिसत नाही. मुलाचं वागणं, खेळणं, बोलणं पाहून आणि आईवडिलांना खोदून खोदून विचारून निदान होतं. 'एम-चॅट' ही वीस प्रश्नांची यादी सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असते, पण ती नुसती चाळणी आहे. त्यात गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नव्हे. भारतात निदानासाठी 'इन्क्लेन'चं साधन आणि चाळीस मुद्द्यांची 'इसा' ही मोजपट्टी वापरतात. प्रमाणपत्रासाठी 'इसा' लागतेच.

कानाची तपासणी मात्र चुकवू नका. हाक मारली तरी न वळणारं मूल कधी कधी खरोखरच ऐकत नसतं. 'बेरा' ही तपासणी मूल झोपेत असताना होते. एमआरआय सरसकट लागत नाही. झटके येत असतील किंवा तशी शंका असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, करतात, कारण ऑटिझम असलेल्या मुलांत फिटचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. जनुकीय तपासणी करायची का, हे डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनशी, म्हणजे मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांशी, बोलून ठरवा.

'स्वमग्नता' म्हणायचं की ऑटिझम?

सरकारी कागदावर स्वमग्नता असतं. आमच्या गटात बहुतेक जण ऑटिझमच म्हणतात. 'स्वमग्न' म्हटलं की स्वतःत रमलेला, बाहेरच्या जगाशी देणंघेणं नसलेला असं चित्र उभं राहतं. माझा मुलगा मिक्सर लागला की कान दाबून धरतो, आईचा आवाज जरा चढला की घाबरतो. बाहेरचं जग त्याला कमी नाही, जास्तच पोचतं.

हे पूर्ण बरं होतं का?

नाही. हा आजार नाही. मेंदू घडण्याचीच ती वेगळी तऱ्हा आहे. मूल शिकतं, बदलतं, काही मुलं इतकी पुढे जातात की निदानाच्या निकषांत बसेनाशी होतात. काहींना मोठेपणीही चोवीस तास सोबत लागते. अडीच वर्षांच्या मुलाकडे पाहून तो यातल्या कुठल्या वाटेनं जाईल हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तिथून उठा. 'शंभर टक्के बरा करतो' म्हणणाऱ्याकडून उठाच, आणि 'याचं काही होणार नाही' म्हणणाऱ्याकडूनही.

आमचं काय चुकलं? मोबाइलमुळे झालं का? लशीमुळे?

काही चुकलं नाही. हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते आणि शेजारी बसलेला बाप खाली बघत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकात आणला. पुढची दोन-अडीच दशकं आईच्या थंडपणामुळे हे होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी त्याला पुराव्यानिशी छेद दिला. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि अशाच एका मुलाचे वडीलही. आज हे माहीत आहे की यात जनुकांचा वाटा मोठा आहे. आईनं नोकरी केली, मूल पाळणाघरात ठेवलं, घरात भांडणं झाली, यातल्या कशानंही ऑटिझम होत नाही.

लशीची गोष्ट अशी : १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फक्त बारा मुलांवरचा एक लेख छापून एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर, संशय घेतला. त्यात गैरप्रकार निघाले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'नं लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून निघाल्या. लस घेतलेल्यांत ऑटिझम वाढलेला दिसला नाही. धाकट्याची लस थांबवलेले पालक आमच्याकडेही येतात. कृपा करून थांबवू नका.

मोबाइलबद्दल थोडं वेगळं. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द सगळीकडे फिरतोय, पण असं मान्यताप्राप्त निदान नाही. मूल दिवसाचे सहा तास स्क्रीनसमोर असेल तर माणसांशी देवाणघेवाण करायला वेळ उरत नाही, म्हणून स्क्रीन कमी करायचीच. केल्यावर फरकही दिसतो. पण निदान पुढे ढकलायला ते कारण वापरू नका.

इतक्या थेरप्या आहेत. कोणती आधी?

कागद पुन्हा काढा. बोलणं, मागणं, समजणं अडत असेल तर स्पीच थेरपी. मूल एक शब्दही बोलत नसलं तरी स्पीच थेरपी लागतेच, कारण तिथे जीभ नव्हे, संवाद शिकवायचा असतो. ब्रश, कपडे, जेवणातले पोत, आवाज, सतत उड्या, बटणं लावणं यासाठी ऑक्युपेशनल थेरपी, आपण 'ओटी' म्हणतो ती. त्यातला झोके, बॉल, ब्रशिंगचा भाग मुलांना आवडतो. त्याचा पुरावा मध्यमसा आहे. नुसता झोका देऊन पंचेचाळीस मिनिटं संपवत असतील तर विचारा, की याचा आमच्या ब्रशच्या ओळीशी काय संबंध? चांगली ओटी लगेच सांगेल. अक्षरं, अंक, वर्गात बसणं यासाठी स्पेशल एज्युकेटर.

लहान मुलांच्या बाबतीत चौथा प्रकार मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो : आईवडिलांनाच शिकवणारी थेरपी. मुलाशी खेळतानाचा तुमचा व्हिडिओ काढतात आणि तुमच्याबरोबर बसून बघतात. बघा, इथे त्यानं तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही त्याच क्षणी दुसरं खेळणं पुढे केलंत. माझा पहिला व्हिडिओ पाहताना लाज वाटली होती. चार मिनिटांत मी 'हे काय? रंग कुठला? गाडी म्हण, गाडी' असे एकोणतीस प्रश्न विचारले होते. त्यानं तीनदा माझ्याकडे पाहिलेलं मला दिसलंच नव्हतं.

एबीएबद्दल फार उलटसुलट ऐकतो. करावं की नको?

एबीए म्हणजे 'अप्लाइड बिहेविअर ॲनालिसिस', छोट्या पायऱ्या करून आणि बक्षीस देऊन वागणं शिकवायची पद्धत. तिचा बोलबाला झाला तो इव्हार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासानं. कॅलिफोर्नियात एकोणीस लहान मुलांना आठवड्याला चाळीस तास एकास एक शिकवलं. नऊ मुलं सर्वसाधारण शाळेत इतरांसारखी चालू लागली, असं त्यांनी लिहिलं. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणजे तुलना पक्की नव्हती, आणि त्या काळच्या पद्धतीत जोरात 'नाही!' ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही होतं. हे सहसा सेंटरच्या माहितीपत्रकात नसतं.

आजचं एबीए बरंच बदललंय. डेन्व्हर मॉडेलसारख्या पद्धती खेळातून, मुलाच्या आवडीतून शिकवतात आणि लहान मुलांमध्ये त्यांचा फायदा दिसलाय. दुसऱ्या बाजूला, लहानपणी कडक एबीए घेतलेली ऑटिस्टिक माणसं आता मोठी होऊन बोलताहेत. डोळ्यांत बघ, हात हलवू नकोस, असं तासन्‌तास घोटून घेतल्यानं आम्ही फक्त लपवायला शिकलो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचं ऐकतो, कारण माझा मुलगा ते सांगू शकत नाही.

सेंटरला दोन प्रश्न विचारा. मूल 'नको' म्हणालं तर तुम्ही काय करता? आणि हात फडफडवले तर? 'थांबवतो' असं उत्तर आलं तर विचारा, का? त्यानं कुणाला लागतंय का?

आठवड्याला चाळीस तास लागतात म्हणे. आम्हाला कसं जमणार?

नाही जमणार, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. जास्त तास म्हणजे हमखास जास्त फायदा, हे सिद्ध झालेलं नाही. हिशोब मांडून बघा. सेशन आठशे रुपयांचं धरलं आणि आठवड्याला पाच, तरी महिन्याला सोळा हजार. प्रवास आणि बुडालेली रजा वेगळी. कर्ज काढून थेरपी करणारे माझ्या काउंटरवर येतात. मी बँकेचा माणूस असूनही सांगतो, यासाठी दागिने गहाण ठेवू नका. हे काम वर्षानुवर्षं चालायचं आहे. पहिल्याच वर्षी दम संपवून कसं चालेल? आठवड्याला दोन चांगली सेशन्स आणि थेरपिस्टनं लिहून दिलेला होम प्रोग्रॅम, यावर आमची कितीतरी मुलं पुढे गेलीत.

घरी फक्त इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं, असं सांगितलंय. खरं का?

नाही. आणि या एका सल्ल्यानं मराठी घरांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं फार थोड्या गोष्टींनी केलं असेल. ऑटिझम असलेल्या, दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या मुलांवर अनेक अभ्यास झालेत. दुसऱ्या भाषेमुळे त्यांचं बोलणं मागे पडतं असं त्यांत दिसलेलं नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. सल्ला मिळाल्यावर आम्ही 'कम', 'सिट', 'गिव्ह', 'ईट' सुरू केलं. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. ती नातवाशी बोलायचीच बंद झाली, की आपल्यामुळे पोराचं वाटोळं नको. दिवसभर तीच त्याच्याजवळ असायची. म्हणजे आठ तास गप्प घर, आणि संध्याकाळी आम्ही दोघं पाठ केल्यासारखी इंग्रजी बोलणार. सहा महिने असे गेले.

मग दुसऱ्या एका स्पीच थेरपिस्टनं आजीलाच सेशनला बोलावलं. ती म्हणाली, तुम्ही याला भरवता कसं? आजी म्हणाली, हा घास चिऊचा, हा घास काऊचा. थेरपिस्ट म्हणाली, हेच करायचं, फक्त 'हा घास...' म्हणून थांबायचं. घास हातात, तोंडासमोर, आणि गप्प. मनात पाच अंक मोजायचे. आजीला ते पाच अंक फार जड गेले. पोर उपाशी राहील अशी भीती. बाराव्या-तेराव्या दिवशी तो वरणभाताकडे बघून 'चिऊ' म्हणाला नाही, 'इऊ' म्हणाला. आजीनं घास भरवायच्या आधी मला ऑफिसात फोन लावला.

ज्या भाषेत तुम्ही हसता, रागावता, झोपवता, तीच बोला. वाक्य छोटं ठेवा. 'दे', 'नको', 'अजून', 'संपलं' एवढ्या चार शब्दांवर दिवसातलं पुष्कळ चालतं. शाळेची भाषा शाळेत येईल.

चित्रांची कार्डं किंवा ॲप दिलं तर मूल बोलायचा आळस करेल का?

नाही, उलट काहींचं बोलणं त्यामुळे वाढतं. बोलता येत असून आळसानं न बोलणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही. चित्र देऊन वस्तू मागायची 'पेक्स' पद्धत १९८५ पासून वापरात आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' ॲप फुकट आहे आणि मराठीत बोलतं. चेन्नईत बनलेलं 'आवाज'ही बरेच जण वापरतात. आम्ही फ्रिजवर पेल्याचा फोटो चिकटवला होता, आमच्याच घरातल्या स्टीलच्या पेल्याचा. एका रात्री दोनला तो उठला, आणि मला ओढत माठाकडे नेण्याऐवजी फोटो काढून माझ्या छातीवर ठेवला. मला जाग आली ती त्या गार प्लास्टिकनं.

औषधं द्यावी लागतील का?

ऑटिझमचं असं औषध नाही. रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि ॲरिपिप्राझोलला २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी, मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतं ते कमी व्हावं यासाठी. बोलणं यावं म्हणून नव्हे. रिस्पेरिडोननं भूक आणि वजन झपाट्यानं वाढतं, सुस्ती येते. तेव्हा सुरू करण्याआधीचं वजन लिहून ठेवा आणि कधी थांबवायचं हे पहिल्याच भेटीत विचारा. आपल्या मनानं एकदम बंदही करू नका.

झोपेसाठी मेलाटोनिन डॉक्टरांच्या सल्ल्यानं देतात. फिट किंवा अतिचंचलता असेल तर त्यांची औषधं वेगळी, आणि ती द्यायला कचरू नये. एकदम चिडचिड वाढली तर मानसोपचारतज्ज्ञाच्या आधी दात, कान, पोट तपासा. आमच्या गटातल्या एका मुलीचा तीन आठवड्यांचा 'बिहेविअर प्रॉब्लेम' किडलेल्या दाढेचा निघाला.

गहू आणि दूध बंद करायला सांगितलंय.

या पथ्यानं ऑटिझममध्ये फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही. सीलिॲक (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसणारा आजार) किंवा दुधाची ॲलर्जी तपासून सिद्ध झाली असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे गहू सोडणं तसं अवघड नाही; ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ या सगळ्यांत ग्लुटेन नाही. अडचण ही की आपली मुलं आधीच चारच पदार्थ खातात, आणि त्यातले दोन दूध-पोळी असतात. ते काढून घेतलं तर राहिलं काय? करून बघायचंच असेल तर आहारतज्ज्ञाला विचारून, मुदत ठरवून करा, आणि त्या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका, म्हणजे कशानं काय झालं ते कळेल.

स्टेम सेल थेरपीनं नक्की फरक पडतो असं एका पालकानं सांगितलं. लाखो रुपये लागतात, पण करू का?

नका करू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची (मूळ पेशींची) शिफारस करता येत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर संशोधनातच करता येतो, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे ओळखायची खूण सोपी : पैसे मागितले की ते संशोधन नव्हे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची, ज्यात स्टेम सेल असतात, रीतसर चाचणी केली. २०२० मध्ये निकाल आला. सामाजिक वागणुकीतल्या ज्या सुधारणेसाठी ती चाचणी होती, ती सलाइनसारखं नकली द्रावण दिलेल्या मुलांपेक्षा जास्त दिसली नाही.

मग त्या पालकाला फरक दिसला तो खोटा का? नाही, तो खोटं बोलत नाही. याला सेक्रेटिनचा किस्सा सांगण्यासारखा आहे. १९९८ च्या सुमारास अमेरिकेत सेक्रेटिन या पचनाच्या हॉर्मोनच्या इंजेक्शननं मुलं बोलू लागली अशी बातमी उठली, आणि हजारो पालक धावले. पुढच्या वर्षी साठ मुलांवर चाचणी झाली : काहींना सेक्रेटिन, काहींना मिठाचं पाणी, कुणाला काय ते कुणालाच माहीत नाही. सुधारणा दोन्ही गटांत सारखीच निघाली. मुलं तशीही वाढत असतात, आणि पैसे घालून आशेनं बघणारे डोळे जास्त बारकाईनं बघतात. त्याहून मला जे लागलं ते पुढचं : निकाल सांगितल्यावरही दोन-तृतीयांशांहून जास्त पालकांना ते इंजेक्शन हवंच होतं. मी त्यांना हसत नाही. मीही तेव्हा हवंच म्हणालो असतो.

चिलेशन, हायपरबॅरिक ऑक्सिजन?

चिलेशन म्हणजे शरीरातले जड धातू काढायचं औषध, हायपरबॅरिक म्हणजे जास्त दाबाच्या खोलीत ऑक्सिजन. दोन्ही नको. चिलेशन देताना २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा मुलगा दगावला.

आयुर्वेद, होमिओपॅथी, सुवर्णप्राशन?

यातल्या कशानं ऑटिझम कमी होतो असा पुरावा नाही. अभ्यंग करा, मुलाला आवडत असेल तर. तेल लावताना आई आणि मूल समोरासमोर असतात, ते कुठल्याही सेशनइतकंच चांगलं. पोटात द्यायच्या औषधांची मात्र मला धास्ती आहे, विशेषतः भस्मांची. २००८ मध्ये इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. वाढत्या मेंदूला शिसं म्हणजे काय हे सांगायला नको. घरच्यांच्या आग्रहानं देवच करायचा असेल तर नारळ वाढवा, अंगारा लावा. चालू थेरपी बंद करायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

थेरपिस्ट बरा की नुसताच गोड बोलणारा, कसं ओळखायचं?

स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नंबर मागा, त्यात अपमान नाही. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद राज्याच्या ओटी-पीटी परिषदेकडे असते. पण नंबर असून भागत नाही. दार बंद करून आत नेणारा आणि 'पालकांनी बाहेर थांबा' हा नियमच असलेला, तो आमच्या यादीतून बाद. आत काय केलं हे रोज दोन वाक्यांत सांगणारा, चुकलं तर 'हे चाललं नाही, बदलू या' म्हणणारा, तो धरून ठेवा.

फायदा होतोय हे कळणार कसं?

वही. दर रविवारी पाच मिनिटं. 'छान प्रगती' असलं लिहायचं नाही, मोजता येईल ते लिहायचं : ब्रश किती सेकंद चालला, आपणहून किती वेळा मागितलं, रात्री किती वेळा उठला. तीन महिन्यांनी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. आमच्या वहीत ब्रश चार सेकंदांवरून चाळीसवर गेला, आणि पळून जाण्याच्या ओळीत वर्षभर काहीच हललं नाही. मग त्या ओळीसाठी थेरपी थांबवून आम्ही फाटकाला वरची कडी बसवली. दोनशे रुपये.

आम्ही तालुक्याच्या गावात राहतो. इथे काहीच नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत 'डीईआयसी' नावाचं केंद्र असतं. तपासणी आणि थेरपी मोफत. जिल्ह्याजिल्ह्यांत फरक आहे, कुठे सगळी माणसं असतात, कुठे निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पण अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन आधी तिथेच जा. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणासाठी अली यावर जंग संस्था आहे, खारघरला बौद्धिक अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र. 'उम्मीद' २००१ पासून मुंबईत मुलांबरोबरच पालकांना आणि कार्यकर्त्यांना शिकवते.

आणि आशेची गोष्ट गोव्यातली. 'संगत' संस्थेनं तिथे, आणि त्याच वेळी पाकिस्तानात रावळपिंडीला, आईवडिलांना व्हिडिओ दाखवून शिकवण्याची पद्धत आजमावली. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पासष्ट मुलं, निकाल २०१६ मध्ये. आईवडिलांची मुलाला प्रतिसाद देण्याची रीत सुधारली, आणि मुलं आपणहून त्यांच्याशी जास्त संवाद सुरू करू लागली.

प्रमाणपत्र घ्यावं का? कायमचा शिक्का बसेल.

घ्या. शिक्का शेजाऱ्यांच्या तोंडात असतो, कागदात फक्त हक्क असतो. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांत ऑटिझम आहे. यूडीआयडीसाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. चाळीस टक्के किंवा जास्त आलं की बहुतेक सवलती लागू होतात. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच मिळतं आणि त्यात थेरपीचाही ठरावीक खर्च बसतो. दर वर्षी नूतनीकरण विसरू नका. आयकरात अपंग मुलाच्या सांभाळासाठी (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५ हजारांची, तीव्र अपंगत्वाला सव्वा लाखाची वजावट आहे, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय.

साधी शाळा की विशेष शाळा?

मुलाला कुठे शिकवतात ते पाहा. नावात काय आहे त्याला महत्त्व नाही. सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षण हा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा निवडलेल्या विशेष शाळेत. साध्या शाळेत मागच्या बाकावर दिवसभर कागद फाडत बसणं म्हणजे समावेशन नव्हे. राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. अर्ज दहावीच्या तोंडावर नाही, नववीतच सुरू करा.

दुसरं मूल होऊ द्यावं का?

पहिल्याला ऑटिझम असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता साधारण पाचांत एक. निर्णय तुमचा. जनुकीय सल्लागाराशी एकदा बोला, नातेवाइकांशी नाही.

मूल केस कापायला बसतच नाही. यावर कुठली थेरपी?

थेरपी नाही, मंगळवार. सोमवारी दुकान बंद, मंगळवारी दुपारी दोनला गिऱ्हाईक नसतं. पहिले तीन मंगळवार आम्ही नुसते जाऊन खुर्चीत बसलो, गोल फिरलो, घरी आलो. चौथ्याला कात्री बंद करून त्याच्या हातात. पुढे कापड गळ्याभोवती न बांधता. त्याला चिमटा बसतो म्हणून घरचा जुना टॉवेल. मग एक बट. दुकानदारानं एकदाही पैशांचं विचारलं नाही, मीच दर वेळी दिले. पूर्ण डोकं व्हायला पाच महिने लागले. मशीन त्याला अजून चालत नाही, कात्री चालते.